‘योगायोगच म्हना!’ : बदनामीच्या खटल्यात शब्दांपेक्षा अर्थावर भांडण का होतं?

मोताळा तालुक्यातलं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात कपाशीचे भाव येतात, नळगंगा धरणातून पाणी कधी सुटणार याच्या तारखा येतात, वाढदिवसाचे केक येतात. एका संध्याकाळी त्यात एक मेसेज पडतो : ‘अंगणवाडीची खोली झाली अन् सरपंचाच्या दारात नवा ट्रॅक्टर आला. योगायोगच म्हना!’ शेवटी डोळा मारणारा इमोजी.

(गाव, सरपंच आणि ट्रॅक्टर हे तिन्ही काल्पनिक आहेत. मेसेज मात्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या ग्रुपमध्ये वाचलेला असणार.)

यात खोटं काय आहे? खोली खरंच बांधून झाली. ट्रॅक्टर खरंच आला. पहिल्या वाक्यातली दोन्ही विधानं तपासली, तर शंभर टक्के खरी निघतील. तरी सरपंच चिडतो, वकिलाकडे जातो, नोटीस पाठवतो. मेसेज टाकणारा म्हणतो, ‘मी कुठं म्हटलं त्यानं पैसे खाल्ले?’ सरपंच म्हणतो, ‘मग दुसरं काय म्हटलंस?’

बदनामीचा प्रत्येक खटला शेवटी याच दोन प्रश्नांवर येऊन थांबतो. काय लिहिलं यावर फारसा वाद नसतो, कारण स्क्रीनशॉट असतो. त्याचा अर्थ काय, यावर सगळा वाद असतो. आणि तो अर्थ कागदावर नेमका कोणी मांडायचा, किती स्पष्ट मांडायचा, यावर कधी खटला उभा राहतो, कधी कोसळतो. ऑस्ट्रेलियातल्या कोर्टांनी या एका मुद्द्यावर अक्षरशः वर्षानुवर्षं काथ्याकूट केला आहे. आपल्याकडेही कायदा तेच मागतो. पण आपण तो भाग बहुतेक वेळा एका ओळीत उरकतो : ‘समाजात माझी नाचक्की झाली.’

घड्याळ चोरलं कोणी?

गंमत अशी की ट्रॅक्टरच्या मेसेजचं उत्तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ म्हणजे अब्रुनुकसानीचं कलम. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ म्हणून आलं. नंबर बदलला, पण कलमासोबतची उदाहरणं तशीच राहिली, आणि ती कायद्याच्या पुस्तकात शोभणार नाहीत इतकी मजेदार आहेत.

पहिल्या उदाहरणात एक माणूस दुसऱ्याबद्दल सांगतो की तो फार प्रामाणिक आहे, अमक्याचं घड्याळ त्यानं मुळीच चोरलेलं नाही. ऐकणाऱ्यानं मात्र ‘यानंच चोरलं’ असं समजावं, हा बोलणाऱ्याचा हेतू. दुसऱ्यात विचारतात, घड्याळ कोणी चोरलं? तो तोंडानं काहीच बोलत नाही, फक्त एकाकडे बोट दाखवतो. तिसऱ्यात तो चित्र काढतो : एक माणूस घड्याळ घेऊन पळतोय. कायदा म्हणतो, अपवादात बसत नसेल तर हे तिन्ही बदनामीच.

म्हणजे स्तुतीही बदनामी होऊ शकते. न बोलताही होऊ शकते. चित्रातूनही होऊ शकते, ज्याला आपण आज मीम म्हणतो. याच कलमाच्या एका स्पष्टीकरणात उपरोधानं केलेला आरोपही धरला आहे. त्यामुळे ‘योगायोगच म्हना’ लिहून हात झटकता येत नाहीत.

पण याची दुसरी बाजू लोक विसरतात. शब्द आणि अर्थ यांच्यात अंतर असेल, तर ते अंतर भरून काढण्याचं काम तक्रार करणाऱ्याचं असतं. घड्याळाच्या उदाहरणातही ‘प्रामाणिक आहे’ या शब्दांतून ‘चोर आहे’ हा अर्थ कसा निघतो, हे कोणीतरी कोर्टाला सांगावंच लागेल. मागे एक चोरी झालेली होती, ऐकणाऱ्यांना ती माहीत होती, म्हणून त्यांना तसा अर्थ लागला, असं. कायद्याच्या भाषेत याला गर्भित अर्थ म्हणतात. दिवाणी दाव्यात वादीनं मूळ शब्द जसेच्या तसे द्यायचे आणि अर्थ शब्दांच्या पलीकडचा असेल तर तो कोणत्या माहितीच्या आधारे, कोणाला लागला, हेही लिहायचं, अशी अपेक्षा असते. दिवाणी प्रक्रिया संहितेत दाव्यामागची महत्त्वाची तथ्यं थोडक्यात पण लिहावीच लागतात, ती याचसाठी.

ट्रॅक्टरच्या तीन पायऱ्या

आता सरपंचाच्या वकिलाच्या जागी बसा. ट्रॅक्टरच्या मेसेजचा अर्थ तुम्ही काय लिहाल?

पहिला पर्याय : सरपंचानं अंगणवाडीच्या कामात पैसे खाल्ले आणि त्यातून ट्रॅक्टर घेतला. दुसरा : पैसे खाल्ले असावेत असा संशय घ्यायला जागा आहे. तिसरा : नक्की काय झालं याची चौकशी व्हायला हवी.

वाचताना तिन्ही सारखेच वाटतात. कोर्टात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला अर्थ ठरला तर मेसेज टाकणाऱ्याला भ्रष्टाचार सिद्ध करावा लागेल, म्हणजे बिलं, मोजमाप पुस्तिका, ट्रॅक्टरचं कर्ज, सगळं. दुसरा ठरला तर संशयाला सबळ कारणं होती एवढं दाखवून भागेल. तिसरा ठरला तर काम त्याहून सोपं, कारण सार्वजनिक पैशाच्या कामाची चौकशी मागणं हा कुठल्याही गावकऱ्याचा हक्कच आहे. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातले वकील या तीन पायऱ्या ठेवूनच भांडतात : दोषी आहे, संशयाला जागा आहे, तपासायला जागा आहे.

मी इंजिनीअरिंग करून या धंद्यात आलो. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर प्रॉब्लेम स्टेटमेंट नीट लिहिलं नाही तर गाइड पुढचं पानही उलटत नसत. तेव्हा राग यायचा. बदनामीचे निकाल वाचायला लागल्यावर ते आठवतं. बचाव करणाऱ्याला आधी कळायला तर हवं, की नेमका कोणता आरोप त्यानं केला असं समोरच्याचं म्हणणं आहे. तो खरा ठरवायचा, की आपण तसं म्हटलंच नाही असं सांगायचं, हे त्यानंतर ठरतं.

ऑस्ट्रेलियात यादीच द्यावी लागते

तिथल्या दाव्यात एक ठरलेला भाग असतो. वादी लिहितो : या मजकुरातून माझ्याबद्दल पुढील अर्थ निघतात. आणि मग अ, ब, क असे एकेक अर्थ, प्रत्येक एका वाक्यात. मग प्रतिवादीचे वकील त्यावर तुटून पडतात. हा अर्थ संदिग्ध आहे. हे दोन अर्थ खरं तर एकच आहेत. हा तर नुसताच अलंकार आहे, आरोप कुठाय? मूळ सुनावणी सुरू होण्याआधीच या यादीवर महिनोन्‌महिने जाऊ शकतात. तिथल्याच न्यायाधीशांनी या प्रकारावर कंटाळून ताशेरे मारलेले आहेत, आणि मला ते पटतात. यादी नेमकी असावी हे ठीक, पण ती लावण्यातच लोकांचा पैसा संपू लागला की नेमकेपणाचा उपयोग श्रीमंतांनाच.

किती स्पष्ट म्हणजे पुरेसं स्पष्ट? १९९० मध्ये सिडनीतल्या ड्रमॉयन नगरपालिकेनं ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनविरुद्ध केलेल्या दाव्यात हा प्रश्न न्यू साउथ वेल्सच्या अपील कोर्टापुढे आला. मुख्य न्यायमूर्ती मरे ग्लीसन यांनी व्यवहारी उत्तर दिलं. कुठल्याही आरोपाला आणखी बारीक करता येतं आणि आणखी मोघमही करता येतं. त्यामुळे रेषा कुठे आखायची हा प्रमाणाचा प्रश्न आहे, आणि समोरच्याला न्यायानं लढता यावं इतकी स्पष्टता हवी. म्हणजे ‘मला भ्रष्ट म्हटलं’ एवढं पुरेल की ‘अमक्या कंत्राटात लाच घेतली असं म्हटलं’ असं लिहावं लागेल, हे मूळ मजकूर किती नेमका आहे त्यावर ठरेल. मजकूरच मोघम असेल तर वादीकडून त्याहून बारीक अर्थ मागता येत नाही.

अर्थ निवडण्यात चूक झाली तर काय होतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण एका ट्विटचं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्वासितांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या एका कार्यकर्त्यानं तेव्हाचे मंत्री पीटर डटन यांच्याबद्दल एक ओळ ट्विट केली. ते बलात्काराची पाठराखण करणारे आहेत, अशा आशयाची. सोबत ‘गार्डियन’च्या २०१९ मधल्या बातमीची लिंक होती. नाउरू बेटावर ठेवलेल्या काही निर्वासित स्त्रिया ऑस्ट्रेलियात येता यावं म्हणून बलात्काराचे दावे करतात, अशा अर्थाचं डटन यांचं विधान त्या बातमीत होतं.

डटन यांनी दावा केला आणि चार अर्थ मांडले. त्यांतला एकच न्यायाधीशांना पटला : डटन बलात्कार माफ करतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना सुमारे ३५ हजार डॉलर भरपाई मंजूर झाली. मे २०२२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो निकाल फिरवला. ट्विट आणि त्याखालची बातमी एकत्र वाचणाऱ्याला काय वाटेल? हा मंत्री बलात्काराचा दावा करणाऱ्या बायकांवर विश्वास ठेवत नाही, असं. बलात्कार झाला तरी चालेल असं तो मानतो, हा अर्थ त्यातून निघत नाही. ट्विट झोंबणारं होतं यात शंका नाही. पण जो अर्थ मांडला होता तो निघाला नाही, आणि जो निघत होता तो मांडलेला नव्हता. दावा गेला.

दुसरं प्रकरण आमच्या डेस्कवरच्या प्रत्येकानं भिंतीवर लावावं असं आहे. ५ मे २०१४ ला ‘सिडनी मॉर्निंग हेराल्ड’ आणि त्यांच्या भगिनी वृत्तपत्रांनी तेव्हाचे अर्थमंत्री जो हॉकी यांच्यावर बातमी दिली. एका निधी उभारणाऱ्या गटाच्या सदस्यांना पैशांच्या मोबदल्यात त्यांच्या भेटी मिळतात, अशी. मथळ्याचा आशय : अर्थमंत्री विकाऊ. हॉकी यांचं म्हणणं, यातून मी लाचखोर ठरतो. ३० जून २०१५ च्या निकालात कोर्ट म्हणालं, पूर्ण बातमी वाचणाऱ्याला तसं वाटणार नाही. मग ते हरले का? नाही. त्याच शब्दांचं पोस्टर दुकानांबाहेर लागलं होतं, आणि तेच शब्द दोन ट्विट्समध्ये होते. पोस्टर पाहून पुढे जाणारा, ट्विट वाचून स्क्रोल करणारा माणूस बातमी वाचत नाही. त्याच्यापुढे फक्त ‘विकाऊ’ आहे. पोस्टरसाठी एक लाख वीस हजार आणि ट्विट्ससाठी ऐंशी हजार, असे दोन लाख डॉलर.

शब्द तेच, पण कागद बदलला आणि अर्थ बदलला. पुश नोटिफिकेशन लिहिताना माझा हात आता थोडा थांबतो.

कोल्हापूर, १८८२ : अर्थ स्पष्ट, पुरावा खोटा

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं मराठी अब्रुनुकसानीचं प्रकरण शाळेच्या पुस्तकात आहे, पण त्याकडे या नजरेनं कोणी पाहत नाही. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ च्या जानेवारीत सुरू झाले. ‘केसरी’ आगरकरांकडे, ‘मराठा’ टिळकांकडे. वर्षभरात दोघं कोर्टात उभे होते.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडं ठरवून त्यांचा छळ होतोय, अशी चर्चा तेव्हा महाराष्ट्रभर होती. संस्थानचा कारभार माधवराव बर्वे यांच्या हाती. छत्रपतींविरुद्धच्या कारस्थानात बर्वे यांचा हात आहे, असं दोन्ही पत्रांनी छापलं. आधार होता बर्वे यांनी लिहिल्याचं सांगितल्या गेलेल्या पत्रांचा.

बर्वे यांनी फिर्याद केली. इथे अर्थ काढत बसायची गरजच नव्हती. कोणावर आरोप, कसला आरोप, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. त्यामुळे खटला थेट पुढच्या प्रश्नावर गेला : हे खरं आहे का? आणि तिथेच पाय घसरला. ती पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, पण बर्वे यांनी फिर्याद मागे घेतली नाही. १७ जुलै १८८२ ला टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. या प्रकरणात जामिनासाठी जोतीराव फुले यांनी आपले सहकारी रामशेठ उरवणे यांना पुढे केलं होतं. मतभेद बाजूला ठेवून, हे विशेष.

अर्थ ठळक झाला की वाद सत्यावर जातो, आणि तो कोणाच्याही अंगावर येऊ शकतो. कोल्हापुरात तो संपादकांच्या अंगावर आला. ऑस्ट्रेलियात उलट घडलं. माजी सैनिक बेन रॉबर्ट्स-स्मिथ यांनी स्वतः दावा केला आणि स्वतःच अर्थ मांडले : अफगाणिस्तानात निःशस्त्र माणसांना मी ठार मारलं असं या बातम्या सांगतात. वृत्तपत्रं म्हणाली, हो, सांगतात, आणि ते खरं आहे. जून २०२३ मध्ये न्यायमूर्ती अँथनी बेसान्को यांनी त्यांतले गंभीर आरोप दिवाणी खटल्याच्या कसोटीवर बहुतांशी खरे ठरवले. मे २०२५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

पुण्यातले पंधरा सेकंद

कायद्यातलं तिसरं उदाहरण आठवा, घड्याळ घेऊन पळणाऱ्याचं चित्र. १० सप्टेंबर २००८ ला ‘टाइम्स नाऊ’वर गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी चालू होती. बातमीत नाव होतं न्यायमूर्ती सामंता यांचं. पडद्यावर फोटो आला सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा. जेमतेम पंधरा सेकंद.

नाव बरोबर, चेहरा चुकीचा. ज्यांना सावंत माहीत नव्हते त्यांच्यासाठी तो कुठलातरी चेहरा होता. पण सावंत प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष राहिलेले, महाराष्ट्रात ओळखीचे. त्यांना ओळखणाऱ्याला त्या पंधरा सेकंदांत एकच अर्थ लागला : हे घोटाळ्यात आहेत. त्यांनी पुण्याच्या कोर्टात शंभर कोटींचा दावा केला. एप्रिल २०११ मध्ये कोर्टानं पूर्ण शंभर कोटी मंजूर केले. अपील ऐकण्याआधी मुंबई उच्च न्यायालयानं वाहिनीला वीस कोटी रोख जमा करायला आणि उरलेल्या ऐंशी कोटींची बँक गॅरंटी द्यायला सांगितलं. नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप केला नाही.

आकड्याबद्दल तेव्हाही वाद झाला आणि मलाही तो फार मोठा वाटतो. पंधरा सेकंदांच्या चुकीला शंभर कोटी हे प्रमाण छोट्या वृत्तसंस्थेला कायमचं बंद पाडेल. पण अर्थाच्या बाबतीत दावा अगदी सरळ होता : कोणता फोटो, कोणती बातमी, ओळखणाऱ्याला काय वाटलं. शोधायला काही उरलंच नाही.

भिवंडी : ‘संस्था’ की ‘संस्थेतले लोक’?

आता ज्यात अर्थावरच सगळं अडलं, ते प्रकरण. मार्च २०१४ मध्ये लोकसभेच्या प्रचारात राहुल गांधी यांनी भिवंडीजवळ सोनाळे इथे भाषण केलं. संघाच्या लोकांनी गांधीजींना गोळी घातली, अशा आशयाचं त्यातलं विधान होतं. संघाच्या एका स्थानिक पदाधिकाऱ्यानं भिवंडीच्या कोर्टात तक्रार केली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द करायला नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तिथे २०१६ च्या ऑगस्टमध्ये राहुल गांधी यांच्या वकिलांनी मांडलं की त्यांनी संस्था म्हणून संघाला दोष दिलेला नाही, संघाशी संबंधित व्यक्तींबद्दल ते बोलले. बघा, पुन्हा तेच : शब्दांवर वाद नाही, अर्थावर आहे. कायद्यानं संस्थेची बदनामी होऊ शकते. पण ‘संस्थेतले काही लोक’ म्हटलं तर संस्थेची झाली का? एखाद्या गटाची बदनामी झाली म्हणायला तो गट नेमका ओळखता येणारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्येच नरसिंहन विरुद्ध चोक्कप्पा या प्रकरणात सांगितलेलं आहे. अर्थाचा हा प्रश्न तिथेच सुटेल असं काही दिवस वाटलं. पण १ सप्टेंबरला राहुल गांधी यांच्या वतीनं सांगण्यात आलं की ते आपल्या प्रत्येक शब्दावर ठाम आहेत, आणि याचिका मागे घेतली गेली. जून २०१८ मध्ये भिवंडीच्या कोर्टात त्यांना आरोप वाचून दाखवले गेले, ते त्यांनी नाकारले. त्या विधानाचा अर्थ काय, हा प्रश्न तोवर चार वर्षांचा झाला होता.

कोणाची बाजू बरोबर हे सांगायला मी इथे बसलेलो नाही, ते कोर्टाचं काम. माझा आक्षेप क्रमाला आहे. अर्थ कोणता हे पहिल्या महिन्यात ठरलं असतं तर दोन्ही बाजूंना आपण कशासाठी लढतोय हे कळलं असतं.

मग मोताळ्यात नोटीस आली तर?

गेल्या काही वर्षांत तालुक्या-तालुक्यांत यूट्यूब चॅनेल, न्यूज पोर्टल, फेसबुक पेज निघाली. एकटा माणूस, एक माइक, एक मोबाइल. त्यांना येणाऱ्या नोटिसांचा साचा ठरलेला असतो. ‘आपण प्रसारित केलेल्या खोट्या व बदनामीकारक मजकुरामुळे माझ्या अशिलाची प्रतिष्ठा धुळीस मिळाली आहे, सात दिवसांत बिनशर्त माफी मागा, अन्यथा...’ पुढे एक मोठा आकडा. कोणतं वाक्य, कोणता अर्थ, हे त्यात नसतं.

अशी एक नोटीस आमच्याकडेही आली होती. पाठवणाऱ्याचं नाव सांगत नाही. बातमी बाराशे शब्दांची. आम्ही तीन दिवस प्रत्येक वाक्य उलटसुलट करत होतो, हे असेल की ते. शेवटी एका वरिष्ठ सहकाऱ्यानं उत्तरात एवढंच लिहायला लावलं : कोणत्या वाक्यावर आक्षेप आहे आणि त्याचा कोणता अर्थ आपण लावता, ते कळवावं.

हे विचारणं म्हणजे उर्मटपणा नाही. नोटिसीला घाबरून व्हिडिओ उडवण्याआधी किंवा उलट ‘कर काय करायचं ते’ म्हणण्याआधी हाच प्रश्न विचारावा. आपलं चुकलं असेल, म्हणजे सावंत प्रकरणासारखा फोटोच चुकला असेल, तर लगेच दुरुस्ती करून माफी मागावी. त्यात कमीपणा नाही.

काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. बदनामीसाठी पोलीस थेट एफआयआर नोंदवून अटक करू शकत नाहीत, कारण हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. ज्याची बदनामी झाली त्यानं स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची असते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेत समाजसेवेचाही पर्याय आला आहे. भरपाई हवी तर वेगळा दिवाणी दावा, आणि तो एका वर्षाच्या आत. फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे.

एक बदल फारसा चर्चेत आला नाही, पण या लेखाच्या विषयाला तो सगळ्यात जवळचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार खासगी तक्रारीची दखल घेण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यायची आहे. पूर्वी समन्स हातात पडलं की मगच कळायचं. आता सुरुवातीलाच उभं राहून विचारता येईल : माझ्या मजकुराचा कोणता अर्थ काढून ही तक्रार आहे? या संधीचा वापर कसा होतो ते पुढच्या काही वर्षांत दिसेल.

सत्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ‘खरं लिहिलं ना, मग कशाची भीती?’ दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत नुसतं खरं असून चालत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. ट्रॅक्टरच्या मेसेजमध्ये सार्वजनिक पैशाचा प्रश्न आहे, म्हणून लोकहित दाखवता येईल. सरपंचाच्या घरातल्या भांडणाबद्दल खरं लिहिलंत तर ते दाखवणं अवघड.

आणि ग्रुपचा अॅडमिन? आपला बुलढाणा जिल्हा ज्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत येतो, त्यानं मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुराला केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही. तसा आधीच ठरवून केलेला बेत किंवा समान हेतू दिसायला हवा. ते प्रकरण बदनामीचं नव्हतं, महिला सदस्याला उद्देशून केलेल्या घाणेरड्या भाषेचं होतं, पण तर्क इथेही उपयोगी पडेल. तो मेसेज स्वतः दुसऱ्या ग्रुपमध्ये फॉरवर्ड केलात तर मात्र तुम्ही नुसते अॅडमिन राहत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका याहून कडक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी म्हटलं की वृत्तसंस्थेच्या फेसबुक पेजवर वाचकांनी केलेल्या कमेंट्सची प्रकाशक ती वृत्तसंस्थाही असते.

आमच्या त्या नोटिसीचं पुढे काय झालं? सुमारे महिनाभरानं वकिलांचं उत्तर आलं. या वेळी त्यात एका ओळीवर नेमकं बोट होतं, आणि तिचा अर्थही लिहिला होता. ओळ बातमीतली नव्हतीच. खाली एका वाचकानं टाकलेली कमेंट होती.